तेराशे चाळीसपाशी उतार टेकेना

...नाही, पण मला एक सांगा, जमीन कुठे जाते का? उठून जाते का? माणूस जातो, गाडी जाते, पावसात थोडीफार माती वाहून जाते, कबूल... पण अख्खीच्या अख्खी जमीन? ती आपली असते तिथेच असते ना? मग सकाळी साडेनऊपासून मी त्या कॉम्प्युटरला घसा फोडून सांगतोय, बाबा रे, ती बघ खाली जमीन, ये खाली, आणि तो ढिम्म! हलायचं नाव नाही! उतार काही जमिनीला टेकेना!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस थेट कामावरून इथे आलाय आणि याचं डोकं फिरलंय. थेट आलोय, हे खरं आहे.

तर मी रस्ते आखतो. म्हणजे खोदत नाही, डांबर टाकत नाही, खुर्चीत बसून आखतो. आता रस्ता जमिनीपेक्षा उंच न्यायचा असला की खाली मातीचा भराव टाकतात, आणि भरावाच्या कडेला उतार देतात. एक मीटर खाली यायचं तर दोन मीटर बाहेर सरकायचं, असा तो उतार बापडा सावकाश खाली येतो, आणि जिथे जमीन लागते तिथे थांबतो. संपलं! एवढंच आहे! पूर्वी हे आम्ही कागदावर करायचो. पट्टी लावली, पेन्सिलीने रेघ ओढली, टेकली. सव्वीस वर्षांत माझी एक रेघ अधांतरी राहिली नाही हो, एक! आणि आता हे सॉफ्टवेअर. तीन किलोमीटरचा जुना रस्ता रुंद करायचा, दर दहा मीटरवर डावीकडे एक उतार, उजवीकडे एक उतार, म्हणजे झाले सहाशे. त्यातले पाचशे शहाण्णव टेकले, अगदी शहाण्या मुलासारखे टेकले. आणि चार? डाव्या बाजूला, वळणावर, तेराशे तीसपासून तेराशे साठ मीटरपर्यंत, चारच्या चार लटकलेले! आणि पडद्यावर लाल अक्षरात काय येतं? ‘जमीन सापडली नाही.’ अरे, सापडली नाही म्हणजे काय? ती काय चावी आहे?

आणि वेळ कसली, तर आजच संध्याकाळी पाच वाजता नकाशा मुख्य कार्यालयात जायचा. आजच! आमच्या मॅडम दारात उभ्या. आमच्या मॅडम ओरडत नाहीत, तुम्हाला सांगतो, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलतात. चष्मा काढून पुसत पुसत म्हणाल्या, “टेकत नाहीये का? हरकत नाही. पाचपर्यंत टेकला तर उतार. नाही टेकला तर तिथे भिंत टाका. काँक्रीटची. सरळ खाली.” आणि गेल्या!

भिंत! तुम्ही म्हणाल, टाका की भिंत, त्यात काय एवढं? अहो, भिंतीला पाया लागतो, पायाला खड्डा लागतो, खड्ड्याला जागा लागते, आणि तिथे जागेवर काय आहे माहितीये? एक खोली आहे. पत्र्याची, चार शिलाई मशीन असलेली, खिडकीत कात्री लटकवलेली. ती खोली कोणाची? माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची!

हसू नका. अकरा वर्षांनी मोठी आहे ती माझ्याहून. त्या खोलीत बसून तिने शाळेचे गणवेश शिवले, बाह्या लावल्या, काजं केली, आणि त्यातून मला इंजिनिअर केलं. मी परीक्षेचा अभ्यास मशीनच्या आवाजात केलाय. अजून आवाज नसेल तर मला आकडेमोड जमत नाही. आणि आता त्याच आकडेमोडीने मी तिची खोली पाडायची? मॅडमना माहितीये हं घर कोणाचं ते, मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. त्या काय म्हणाल्या? “सांगितलंत ते बरं केलंत. आता तिथलं माप एक सेंटिमीटर जरी इकडचं तिकडे झालं, तर मी तुम्हालाच विचारीन.” हळू आवाजात!

मग काय, बसलो. पहिलं म्हटलं, उतार चुकीची जमीन शोधत असेल. कारण आमच्याकडे जमिनीच्या फायली तीन. एक ‘जमीन’, दुसरी ‘जमीन नवी’, आणि तिसरी ‘जमीन नवी शेवटची ही वापरा’. तिन्ही लावून बघितल्या. उतार काही जमिनीला टेकेना! मग म्हटलं, लांबपर्यंत शोधत नसेल. शोधायचं अंतर होतं वीस मीटर, ते पन्नास केलं, शंभर केलं, रागारागाने हजार केलं! कॉम्प्युटरचा पंखा असा घरघरायला लागला की शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाई कागदांवर हात ठेवून बसल्या. पाच मिनिटं घरघर, आणि मग काय? ‘जमीन सापडली नाही.’ मग उतार बदलून बघितला. मग फाइल बंद केली, उघडली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. मी स्वतः बाहेर गेलो, पाणी प्यायलो, आत आलो. साडेबारा!

शेवटी नाक मुठीत धरून त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी अकरा मिनिटं बासरी. मग एक मुलगी, आवाज इतका गोड की आणखीच चीड यावी. “नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?” मी म्हटलं, उतार जमिनीला टेकत नाही. “सर, आपण जमीन निवडली आहे का?” निवडली. “सर, शोधण्याचं अंतर वाढवून पाहिलंत का?” पाहिलं. “सर...” आणि इथे ती जरा थांबली, “सर, जमीन तिथे नक्की आहे का?”

अगं बाई! मी उभाच राहिलो खुर्चीतून! म्हटलं, आहे का म्हणजे? त्या जमिनीवर मी सायकल शिकलोय! त्या जमिनीवर पडून हा गुडघा फुटलाय, डावा, अजून खूण आहे! ती शांतपणे म्हणते, “ते मी समजू शकते सर. पण ते कॉम्प्युटरला माहीत आहे का?”

मी परत खुर्चीत बसलो.

“सर, आपण त्रिकोण चालू करून बघता का?” त्रिकोण म्हणजे काय, की कॉम्प्युटरमधली जमीन खरी जमीन नसते. मोजणीवाले जागेवर जाऊन ठिकठिकाणची उंची मोजून आणतात, एकेक ठिपका, आणि सॉफ्टवेअर तीन तीन ठिपके जोडून त्रिकोणांची एक चादर विणतं. ती चादर म्हणजे त्याची जमीन. आम्ही ते त्रिकोण बंद ठेवतो, डोळ्यांना फार त्रास होतो. नुसत्या उंचीच्या रेषा दिसू देतो, मीटरमीटरच्या अंतराने. आणि ताईचं अंगण सपाट! तिथून एकही रेषा जात नाही! म्हणजे तिथे काही दिसत नाही, आणि मी समजत होतो की काही दिसत नाही कारण अंगण सपाट आहे...

केले चालू. सगळीकडे त्रिकोण, दाट, शेतात, ओढ्यात, गटारात, विजेच्या खांबापाशी सुद्धा! आणि ताईचं अंगण? भोक! चौकोनी, स्वच्छ, कोणीतरी कात्रीने कापून घेतल्यासारखं भोक! मोजणीच झालेली नाही! जमीन सापडेल कशी? नव्हतीच ना!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मोजणीकाका! तरी मला वाटलंच होतं! मोजणीकाका म्हणजे आमचे जुने मोजणीदार, तिपाई खांद्यावर टाकून तीस वर्षं उन्हात हिंडलेले, माप चोख, पण एक खोड आहे. प्रत्येक ठिपक्यापुढे खूण लिहायला एक रकाना असतो. लोक लिहितात, ‘खांब’, ‘गटार’, ‘झाड’. काका काय लिहितात? ‘खांब, वाकडा, आमच्या जावयासारखा.’ ‘कुत्रा, चावरा, दोनदा.’ एकदा तर नुसतं ‘इथे चहा बरा मिळतो’, आणि त्याची उंची तीन दशांशांपर्यंत बरोबर! छपाईच्या आधी आठवणीने तो रकाना बंद करायचा, हे आमच्या ऑफिसात नवीन माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात.

ओरडलोच मी! “काका! तेराशे चाळीसला अंगण सोडलंत? एवढं मोठं? झोपा काढत होतात का?” सगळं ऑफिस बघायला लागलं. काका पलीकडच्या खोलीतून आले, डबा खात होते, हात तसाच. डाव्या हाताने कपाटातून वही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

काकांचं अक्षर मोत्यासारखं आहे. लिहिलं होतं, ‘वळणावरचं घर. साहेबांचा फोन. म्हणाले आत जाऊ नका, माझी बहीण आहे, आधी मी बोलतो, मग मोजा. अंगण सोडलं. बोलले की मोजू.’ खाली तारीख. चार महिन्यांपूर्वीची.

सॉफ्टवेअरला जमीन सापडत नव्हती ती नव्हतीच, आता माझ्या पायाखालचीही सरकली.

काका हळूच विचारतात, “बोललात का?”

कुठला बोलतोय! अहो, जाऊन सांगायचं काय? ताई, तुझ्या अंगणात रस्ता येतोय, आणि तो मीच आणतोय? रविवारी जाऊ म्हटलं. मग त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी माझं डोकं दुखलं. त्याच्या पुढच्या रविवारी दुखेल असं वाटलं. तिचा फोन आला की मी म्हणायचो, मीटिंगमध्ये आहे ताई, नंतर करतो. रविवारी कसली आलीये मीटिंग! तिला काय कळत नसेल? आणि बघता बघता मी ते विसरलो, तुम्हाला सांगतो, साफ विसरलो, इतका विसरलो की सकाळपासून तीन तास मी जगातल्या प्रत्येकाला शिव्या दिल्या, फक्त ज्याने ते भोक पाडलं त्याला सोडून!

दीड वाजला. काकांनी हात धुतले, तिपाई उचलली, आणि निघालो त्यांच्या स्कूटरवरून. मागे मी, मांडीवर यंत्राची पेटी, हातात मोजणीची लाल-पांढरी काठी झेंड्यासारखी उभी. आणि वाटेत, सिग्नलला थांबलो असताना, डोक्यात हिशेब सुरू झाला. आजूबाजूची जमीन धरली, तर रस्त्याची कड तिथे जमिनीपेक्षा तीन मीटर उंच. एकाला दोन, म्हणजे उतार सहा मीटर बाहेर येणार. आणि रस्त्याच्या कडेपासून ताईच्या खोलीची भिंत किती? चार मीटर साठ. चार साठ! म्हणजे भोक बुजवून उतार टेकला, तर तो टेकणार कुठे? खोलीच्या आत! दुसऱ्या मशीनच्या खाली! म्हणजे नाही टेकला तर भिंत येऊन खोली पाडणार, आणि टेकला तर उतार येऊन खोली पाडणार! मी काकांना म्हटलं, काका, स्कूटर वळवा. काका म्हणाले, “सिग्नल सुटला.” आणि दामटली पुढे!

ताई दारातच. हातात माप घ्यायची टेप, गळ्यात चष्मा. मी, काका, तिपाई. बघितलं तिने. मी म्हटलं, ताई... ती म्हणाली, “या काका, बसा. पाणी देते. आणि छोट्या, तू ती काठी घेऊन कुठे उभं राहायचंय तिथे उभा राहा.” बावन्न वर्षांचा आहे मी! छोट्या! म्हटलं, ताई, मला पण पाणी... “चार महिने तहान लागली नव्हती ना? मग अर्धा तास थांब.”

आणि उभा राहिलो हो! अंगणाच्या मधोमध, दुपारच्या उन्हात, हातात डोक्याहून उंच काठी, तिच्या टोकाला यंत्राने नेम धरायची काच. काका सावलीत बसून यंत्रातून बघतायत आणि ओरडतायत, “जरा डावीकडे साहेब!” खिडकीतून शिवणाऱ्या तीन बाया टकाटका बघतायत. आणि ताई माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, “रुंदीकरणाचे दगड रोवून गेले होते त्याच दिवशी मला कळलं रस्ता अंगणात येणार ते. मी काही आंधळी नाही. मला एवढंच बघायचं होतं की माझा भाऊ येतो सांगायला, का नोटीस येते आधी.”

काठी हलली माझी. काका ओरडले, “साहेब, हलू नका!”

“खोली जाईल का रे?” तिने विचारलं. आवाज चढवून नाही. आमच्या मॅडमसारखं, हळू. मी म्हटलं, ताई, हिशेब तसा दिसतोय. तिने टेप गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. आतलं एक मशीन चालू होतं, ते थांबलं. आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की मी ती पेन्सिल कधी हातात धरलीच नसती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात काका यंत्रावरून डोळा काढतात आणि म्हणतात, “ताई, हे अंगण एवढं उंच कसं हो?”

मी म्हटलं, उंच? सपाट आहे की.

“सपाट आहे, पण उंच सपाट आहे. शेजारच्या जमिनीपेक्षा नव्वद सेंटिमीटर वर.”

ताई म्हणाली, “असणारच. दोन वर्षांपूर्वी मुरूम आणून टाकला मी. याने मागे तो रस्ता उंच केला ना, तेव्हापासून सगळं पाणी सरळ माझ्या मशीनखाली! घोट्याएवढं!”

मी म्हटलं, ताई, मग मला सांगितलं का नाहीस?

“सांगितलं होतं. तू म्हणालास, रविवारी येऊन बघतो.”

काकांनी तोंड फिरवलं. हसत होते, पाठ हलत होती त्यांची. पण मी? माझ्या डोक्यात आकडे! तीन मीटरमधून नव्वद सेंटिमीटर गेले, राहिले दोन मीटर दहा. दुप्पट केले, चार मीटर वीस. आणि भिंत चार मीटर साठवर! म्हणजे चाळीस सेंटिमीटर अलीकडे! खोली वाचली! कुंपण जाईल, कपड्यांच्या दोरीचा खांब जाईल, पण खोली... मी काठी टाकून ओरडलो, ताई, वाचली! वाचली खोली! काका ओरडले, “साहेब, काठी!” ताई म्हणाली, “म्हणजे तुझ्याच चुकीने तुला वाचवलं,” आणि पदर डोळ्यांना लावला, आणि मग तसाच पदर झटकून म्हणाली, “तुला घरी आणायला सरकारला रस्ता रुंद करावा लागला रे!”

रडलो हो मी. उन्हात उभा राहून रडलो. मग पाणी मिळालं.

पण घड्याळ? तीन पस्तीस! स्कूटर, सिग्नल, पेटी, जिना! चार दहाला ठिपके कॉम्प्युटरमध्ये, त्रिकोण विणले, भोक बुजलं. श्वास रोखून कळ दाबली. घरघर... घरघर... हिशेबनीस बाईंनी आपणहून कागदांवर हात ठेवले... आणि एक, दोन, तीन, चार! टेकले! सहाशेच्या सहाशे टेकले! मॅडम आल्या. चष्मा पुसला. “चाळीस सेंटिमीटर? नेमके?” मी म्हटलं, मॅडम, माझ्यावर विश्वास ठेवू नका, यंत्रातली नोंद बघा. त्यांनी बघितली. दोनदा बघितली. एकेक ठिपका, त्याची उंची, पुढे काय लिहिलंय ते, सगळं पडद्यावर चालू करायला लावून बघितलं. म्हणाल्या, “बरोबर आहे. छापा.”

चार पंचावन्नला छापला, सही, शिक्का, गुंडाळी, नळकांडं, गाडी गेली! पाचला तीन मिनिटं कमी! मी खुर्चीत बसलो आणि ऑफिसची प्रत सहज समोर पसरली. म्हटलं, बघू तरी आपला उतार डोळे भरून.

आणि बघतो तर... चालू केलं होतं ना मॅडमना दाखवायला? काय बंद करायचं राहिलं? खुणांचा रकाना! तेराशे चाळीसपाशी, ताईच्या अंगणाच्या मधोमध, बारीक सुबक छापील अक्षरात, उंचीसकट, तीन दशांशांपर्यंत: ‘भाऊ आला. चार महिन्यांनी.’

मी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

आता इकडे येताना, अगदी दारात असताना, मॅडमचा फोन आला. हळू आवाज. “अहो, मुख्य कार्यालयातून विचारलंय. नकाशा मंजूर आहे. फक्त तेराशे चाळीसला ही जी ‘भाऊ आला’ म्हणून खूण आहे, ती नोंदवहीत कशी घ्यायची? तात्पुरती, की कायमची?”

म्हटलं, मॅडम, तात्पुरती लिहिलीत तर ताई मला घरात घ्यायची नाही. कायमची लिहा. आणि पुढे कंसात लिहा... दर रविवारी.